आरशात सासरे

“आरसा कोणी हलवला?” मी विचारलं.

गाडीत आम्ही तिघंच होतो. स्टिअरिंगवर सुशीला, तिच्या शेजारी मी, आणि मागच्या सीटवर तिचे सासरे सेठ भंवरलालजी. पुढच्या काचेच्या वर मधोमध जो आरसा असतो, ज्यात ड्रायव्हरला मागचा रस्ता दिसतो, तो निघण्याआधी मी स्वतः लावला होता. आता तो छताकडे बघत होता. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. फाटलेलं रेक्झिन होतं.

सुशीला समोर बघत राहिली. सेठजी म्हणाले, “खड्ड्यानं हलला असेल, मास्टरजी.”

“खड्डा दाखवा मला या रस्त्यावर.”

खड्डा नव्हताच. आता जिथं जयपूरचं प्रताप नगर आहे तिथं तेव्हा हाउसिंग बोर्डानं नुसते रस्ते आखून ठेवले होते. घरं उगवायची होती. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना अशी जागा म्हणजे चैन. धडकायला कोणी नाही, रागवायला कोणी नाही.

मी आरसा सरळ केला. पुढच्या वळणावर तो परत छताकडे. पुन्हा केला. पुन्हा तेच. वळताना मी रस्ता बघायचो, तेवढ्यात आरसा फिरलेला असायचा.

मी जयपूरमध्ये एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचो. नव्या मारुती गाड्या शहरात नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. वडील रेल्वेत पॉइंट्समन. नंदुरबारहून त्यांची बदली इकडे झाली, ते रिटायर होऊन परत गेले, मी राहिलो. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचं पुस्तक आणलं होतं, ते कोरं करकरीत राहिलं. पण ट्रक चालवला, बस चालवली, मग शिकवायला लागलो. आणि छाती ठोकून सांगतो, माझ्या हाताखालून गेलेला माणूस गाडी रस्त्यावर आणायचा तेव्हा त्याला गाडी येत असायची. त्या काळात असं सांगणारे थोडे होते. आजही थोडेच असतील.

तर सुशीलाची गोष्ट. बोलणं सगळं हिंदीत आणि तिकडच्या मारवाडीत झालं, मी मराठीत सांगतो. जिथं त्यांचाच शब्द पाहिजे तिथं तोच ठेवतो.

सेठजींचं घर जयपूरच्या जुन्या शहरात, आणि धान्याची पेढी चौमूंच्या मंडईत. चौमूं म्हणजे सीकरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. पेढीवर त्यांचा एकुलता एक मुलगा बसायचा, मोहन. सुशीलाचा नवरा. घरची फियाट होती, त्यावर पगारी ड्रायव्हर होता. एका सकाळी चौमूंच्या रस्त्यावर त्या ड्रायव्हरला डुलकी लागली आणि गाडी उभ्या ट्रकवर गेली. ड्रायव्हरला खरचटलं. मोहनचा डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मग चौकशी झाली तेव्हा कळलं, ड्रायव्हरचं लायसन खरं होतं पण टेस्ट खोटी होती. कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यातून दलालामार्फत घरबसल्या आलेलं. त्यानं टेस्टचं मैदान बघितलेलंसुद्धा नव्हतं.

सेठजींनी तेव्हाच शपथ घेतली. पगारी ड्रायव्हर पुन्हा दारात उभा करणार नाही.

मग गाडी चालवणार कोण? मोहनला क्लच दाबायला पाय नाही. सेठजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो, डॉक्टरनं त्यांना भिंतीवरची अक्षरं विचारली. सेठजी म्हणाले, कुठली भिंत? झालं. कुबड्या घेऊन बसच्या पायऱ्या चढणं मोहनला शक्य नव्हतं. आणि पेढी तशी सोडता येत नव्हती, कारण मोहनचे चुलतभाऊ टपलेले होते. त्यांच्या व्यापारात दिवाळीला नव्या वह्यांची पूजा होते, त्या दिवशी गादीवर जो बसतो तोच बाजाराच्या लेखी मालक. दिवाळीला मोहन चौमूंला बसलेला दिसला नाही तर त्यांच्यातला एखादा बसणार. एकदा बसला की उठणार नाही.

घरात राहिली सून. मारवाडीत सुनेला बीनणी म्हणतात. मॅट्रिक झालेली, सायकल येणारी. सेठजींनी स्वतः ठरवलं, बीनणी गाडी शिकेल. आणि टेस्ट देईल. खरीवाली. जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत हे ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली. म्हणजे सेठजी काही मागासलेले वगैरे नव्हते, हे आधी लक्षात ठेवा.

फक्त पहिल्या दिवशी सुशीला गाडीजवळ आली ती हनुवटीपर्यंत घुंगट घेऊन.

मी दार उघडलंच नाही. म्हटलं, “सेठजी, ड्रायव्हरला समोरचं साफ दिसलं पाहिजे. हा कायदा आहे, माझी मर्जी नाही. काचेवर चिकटवलेला देव मी काढायला लावतो. हे तर अख्खं कापड आहे.”

“सासऱ्यासमोर तोंड उघडं?” सेठजी म्हणाले. “आमच्यात होत नाही, मास्टरजी.”

“मग तुम्ही घरी थांबा.”

“आणि बीनणीला परक्या माणसाबरोबर एकटी पाठवू?”

परका माणूस म्हणजे मी. तेही बरोबरच होतं. एका दिवशी सेठाणींना बसवून बघितलं. त्यांना पेट्रोलचा वास सहन होत नसे. सांगानेरच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्यांनी आमची मागची सीट धुण्याच्या लायकीची करून टाकली. त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही.

शेवटी सेठजींनीच तोड काढली. “मी मागे बसतो. ती पुढे बघणार, मी तिच्या मागून. मागून कुठं तोंड दिसतं? पदर डोक्यावर राहू दे, तोंड उघडं राहू दे.”

मला वाटलं, वा. शहाणा माणूस. मीही मान डोलावली.

आणि ती शिकली. मी खूप लोकांना शिकवलं, पण असा हात थोड्यांचा. आमच्या स्कूलची गाडीही फियाटच होती, आणि फियाटचा गिअर स्टिअरिंगला लागून असतो, नवशिके त्याच्याशी कुस्ती खेळतात. तिनं तो पोळी उलटावी तसा फिरवला. शिकायच्या गाडीला आमच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, शिकणारा चुकला तर आम्ही दाबायचा. तिच्याबरोबर माझा पाय आराम करायचा. पुढे-मागे एल बोर्ड, म्हणजे पांढऱ्यावर लाल एल लिहिलेली पाटी, लोकांनी लांब राहावं म्हणून. ती बघूनही मागचे हॉर्न मारायचे. ती घाबरायची नाही.

बोलायची मात्र नाही. सासऱ्यासमोर सून बोलत नाही, हाही त्यांचा रिवाज. मी विचारायचो, ती मान हलवायची. हो असेल तर पुढे, नाही असेल तर बाजूला. क्लच का सोडला विचारलं तर काय, त्याचं उत्तर मानेनं देता येत नाही. मी समजून घ्यायचो.

आणि तो आरसा. रोज छताकडे.

शेवटी एका दुपारी मी गाडी आमेरला नेली. आमेर जयपूरच्या उत्तरेला, डोंगरात. टेस्टमध्ये चढ असतो. चढावर गाडी उभी करायची, आणि मग मागे न सरकवता पुढे काढायची. हँडब्रेक, क्लच आणि ऍक्सिलरेटर तिघांनी एकमेकांचा हात धरून चालायला पाहिजे. एकानं आधी सोडला की गाडी मागे. हे सपाटीवर शिकता येत नाही, आणि जयपूर म्हणजे परातीसारखं सपाट.

मी चढावर थांबवायला सांगितलं. तिनं थांबवली. हँडब्रेक ओढला. मी म्हटलं, “मागे बघा, मग काढा.” तिनं मान हलवली. हो.

हँडब्रेक जरासा आधी सुटला. गाडी मागे सरकली.

मागून कोणीतरी ओरडलं, “ओ भाईजी! गाडी आगे लो! हाथी कै ब्रेक कोनी!” हत्तीला ब्रेक नसतो.

मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी थांबली. वळून बघतो तर मागची सगळी काच करड्या कातडीनं भरलेली. आम्ही उभे असताना किल्ल्यावरून परत निघालेला हत्ती बाजूच्या वाटेनं वळून आमच्या मागे येऊन थांबला होता. त्यानं डिकीवर सोंड ठेवली, सामान काय आहे बघावं तशी. वर माहूत दोन्ही हात हलवत होता. आणि काच आणि मी यांच्या मध्ये सेठजी, सीटला पाठ लावून, मोतीबिंदू असूनसुद्धा हत्ती स्पष्ट दिसलेला माणूस जसा दिसेल तसे.

“हाथी है,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

माहुतानं हत्ती बाजूला घेतला. सेठजी उतरले आणि त्याच्याशी भांडायला गेले. हत्तीशी भांडता येत नाही म्हणून माहुताशी. मी सुशीलाकडे वळलो. त्या दिवशी माझा आवाज चढला, तो मी कमी सांगणार नाही.

“मान कशाला हलवली? मागे बघितलं म्हणून? हत्ती दिसत नाही? हत्ती?”

“मास्टरजी.”

मी दचकलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. चांगला ठणठणीत आवाज.

“शीशे में बाऊजी दिखते हैं.” बाऊजी म्हणजे सासरे.

“मग?”

“मग काय? मला ते दिसतात, म्हणजे त्यांना मी दिसते.”

मी आरसा सरळ करून बघितला. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. म्हणाली, “मागचा रस्ता बघायला मी वर बघते. रस्त्याच्या आधी बाऊजी येतात. हत्तीच्या पण आधी बाऊजी येतात.”

मागून तोंड दिसत नाही, असं आम्ही दोघा पुरुषांनी ठरवलं होतं. आरशाला कोणी विचारलं नव्हतं.

सेठजी परत आले. मी त्यांना सरळ सांगितलं. लपवून काय करायचं. त्यांनी आत बसून दार ओढून घेतलं. मग म्हणाले, “मी डोळे मिटून बसतो.”

“तुम्ही मिटलेत हे तिला कसं कळणार? बघितल्याशिवाय?”

मग आम्ही काय काय करून बघितलं. सेठजी सीटमध्ये खाली सरकून बसले. तोंड गेलं, पण डोक्यावरचा साफा राहिला. केशरी साफा, मागच्या काचेत सूर्य उगवल्यासारखा. सुशीलानं आरशात तो बघितला की नजर खाली. तिच्या लेखी साफा म्हणजेच बाऊजी. आणि खाली सरकून बसल्यानं सेठजींची मान दोन दिवस वाकडी राहिली.

मी ड्रायव्हरच्या दारावर बाहेरून एक आरसा बसवला. तेव्हा बऱ्याच गाड्यांना तो नसायचा. पण दारावरचा आरसा फक्त उजवी बाजू दाखवतो. डावीकडून सायकल आली, स्कूटर आली, ती त्यात येत नाही. कायदा म्हणतो, मागची रहदारी ड्रायव्हरला दिसेल असा आरसा पाहिजे. अर्धी रहदारी असं कायद्यात लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, “सेठजी, तुम्ही मागे बसू नका, एवढंच.”

“मोहनच्या मदतीला मलाही पेढीवर बसावं लागणार. मग रोज चौमूंला कसा जाऊ? पुढे मोहन बसणार, त्याला पाय लांब करायला जागा पाहिजे. मी काय बसच्या प्रवाशांसारखा छतावर बसू?”

“छतावर बसलात तर आरशात दिसणार नाही.”

ते हसले नाहीत. मीही हसण्यासाठी बोललो नव्हतो.

दिवाळी जवळ आली. टेस्टची तारीख मिळाली. आमच्या स्कूलचे मालक माथुरसाहेब, त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. सेठजी मोठं गिऱ्हाईक, त्यांची सून नापास झाली तर बाजारात बोभाटा होणार, ही त्यांची चिंता.

“सोनवणे, डोकं वापर. टेस्टच्या दिवशी सेठजींना चहाच्या टपरीवर बसव. दहा मिनिटांचा प्रश्न. सून एकटी टेस्ट देईल, आरसा सरळ, इन्स्पेक्टर खूश.”

“सेठजी तिला दोन परक्या पुरुषांबरोबर सोडणार नाहीत.”

“मी समजावतो त्यांना.”

“समजावू नका,” मी म्हटलं. “टेस्ट दहा मिनिटांची. चौमूंचा रस्ता रोजचा. रोज मागे तेच बसणार आणि रोज आरसा छताकडे जाणार. सीकर रोडवर मागून ट्रक येतात. मोहनचा एक पाय गेलाय. दुसरा माझ्या नावावर नको.”

“तू गाडी शिकव, सोनवणे. समाज सुधारू नकोस.”

“मी समाजाला हात लावत नाही. मी आरशाला लावतोय.”

“आणि तिनं टेस्टला आरसा फिरवला तर?”

“तर मी स्वतः इन्स्पेक्टरला सांगेन, हिला नापास करा.”

माथुरसाहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, तू माझा धंदा बुडवणार. मी म्हटलं, बुडवत नाही, तरंगत ठेवतोय. चावी टेबलावर ठेवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. असं आमच्यात महिन्यातून एकदा व्हायचं, तिथं रुसायचं कारण नव्हतं.

आरसा फिरला तर नापास करायला सांगेन, हेच मी सेठजींना तोंडावर सांगितलं. त्यांचे कान लाल झाले.

“मास्टरजी, तुम्ही माणूस आहात की रस्त्यावरचा खांब?”

“खांबच समजा. खांब बाजूला होत नाही. गाडीनंच वळायचं असतं.”

त्यानंतर टेस्टपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मागे बसायचे, बाहेर बघायचे. आरसा छताकडे. सुशीला गाडी सुरेख चालवायची, अर्धी आंधळी. टेस्ट हुकली तर पुढची तारीख दिवाळीनंतरचीच होती. हे तिघांनाही माहीत होतं.

टेस्टच्या सकाळी मैदानाच्या फाटकाशी दलाल उभे. पायजमा घातलेला एकजण आमच्या गाडीच्या खिडकीशी आला. “सेठजी, बाईमाणसाला कशाला उन्हात? घरी जा. लायसन संध्याकाळी पोचेल.”

सेठजींनी त्याच्याकडे बघितलं. “असलंच एक लायसन माझ्याकडे नोकरीला होतं,” ते म्हणाले. “माझ्या पोराचा पाय घेऊन गेलं.”

दलाल काही न समजून दुसऱ्या गाडीकडे गेला.

इन्स्पेक्टर वाळका, उंच, सफारीतला माणूस. कडक, पण सरळ. तो मला ओळखायचा आणि मला ओळखतो हे दाखवायचा नाही. हे मला आवडायचं. टेस्टला तो पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, म्हणून मी मागे गेलो, सेठजींच्या शेजारी. सेठजी डावीकडे, मी उजवीकडे.

“शीशा सेट करो,” इन्स्पेक्टर म्हणाला. गाडीत बसल्यावर पहिलं काम हेच. सीट, मग आरसा, मग किल्ली.

सुशीलाचा हात वर गेला. आरशाला लागला. आणि तिथंच राहिला.

आरसा छताकडेच होता. ती तो खाली आणत नव्हती आणि हातही काढत नव्हती. हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या, तेवढा आवाज झाला.

“बाई, मागचं बघायचं की नाही?” इन्स्पेक्टरनं विचारलं.

सुशीलानं मान खाली घातली.

मी तोंड उघडायला गेलो. मी काय बोलणार होतो ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मी दिलेला शब्द गिळणारा माणूस नाही. इन्स्पेक्टरनं खिशातलं पेन काढलं.

माझ्या शेजारी कापड सळसळलं.

सेठजींच्या साफ्याचा एक शेव, म्हणजे कापडाचं टोक, मागे पाठीवर सोडलेला असायचा, तिकडे सगळ्यांचा असतो. सेठजींनी तो पुढे ओढला. डोक्यावरून घेतला, कपाळावरून घेतला, आणि तोंडावरून खाली हनुवटीपर्यंत सोडला. नीट, चुणी न पडता. बघून बघून माणसाला येतंच. मग हात मांडीवर ठेवून नव्या नवरीसारखे बसले.

“बीनणी,” ते कापडाआडून म्हणाले. सासरा सुनेशी थेट बोलत नाही, मध्ये कोणीतरी लागतो. पण मध्ये मी होतो, आणि माझ्याशी ते अबोला धरून होते. “शीशो सीधो कर. अब घूंघटो म्हारो.”

आता घुंगट माझा.

सुशीलानं आरसा खाली आणला. आधी जरासा. मग पूर्ण. मला तिचे डोळे आरशात दिसले. ती मागे बघत होती.

इन्स्पेक्टर वळला. त्यानं केशरी घुंगटातले सेठजी बघितले, मग मला बघितलं. “मास्टर, यह क्या है?”

“साहेब, मागची सवारी आहे,” मी म्हटलं. “सवारीनं तोंड उघडं ठेवावं असा नियम मला माहीत नाही. ड्रायव्हरनं ठेवावं, असा आहे.”

इन्स्पेक्टरनं पेन खिशात ठेवलं. “चलो बाई.”

ती निघाली. उजवा हात बाहेर काढून इशारा दिला. तेव्हा हातानं इशारे द्यावे लागायचे, टेस्टमध्ये ते बघायचे. वळली. गाडी रिव्हर्स घेतली, खांबांच्या मधून, एकालाही न लावता. मग मैदानाच्या टोकाला मातीचा चढ केलेला होता, त्यावर उभी केली. हँडब्रेक. थांबली.

“निकालो,” इन्स्पेक्टर म्हणाला.

ती निघाली नाही.

“निकालो, निकालो.”

तिनं आरशात बघितलं आणि डावा हात जरा वर करून त्याला थांबायची खूण केली. इन्स्पेक्टरला! मी मागे वळून बघितलं. एक दूधवाला, सायकलच्या दोन्ही बाजूंना बरण्या लटकवलेल्या, मैदानातून आडवाटेनं घुसला होता आणि नेमका आमच्या डिकीमागून, डाव्या बाजूनं, चालला होता. दारावरच्या आरशात तो आला नसता. तो पार झाला. मग तिनं हाफ क्लचवर गाडी उचलली, हँडब्रेक सोडला, आणि गाडी एक बोटभरही मागे न येता वर चढली.

इन्स्पेक्टरनं खिडकीतून दूधवाल्याला एक शिवी दिली तेवढीच. पण त्यानं बघितलं होतं. मी त्याचे कान बघत होतो. समाधान झालं की त्याचे कान मागे जायचे.

गाडी थांबल्यावर तो म्हणाला, “पास.” दार उघडून उतरला, मग खिडकीत वाकला. “सेठजी, आता हवा घ्या.”

घुंगटातून उत्तर आलं, “घरी पोचल्यावर. बीनणी चालवतीये.”

आणि ते तसेच बसून गेले. अख्ख्या जुन्या शहरातून. चांदपोलच्या गर्दीत कोणीतरी ओरडलं, “सेठजी, नई बहू लाए क्या?” सेठजी आतून म्हणाले, “हां. थारी भाभी.” तुझी वहिनी. मी पुढच्या सीटवर होतो. हसू दाबायला मला खिडकीबाहेर तोंड करावं लागलं. सुशीलाला तेही करता येईना, तिला रस्ता बघायचा होता. पदर तोंडात धरून ती गाडी चालवत होती. मी म्हटलं, पदर सोडा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी असाच आहे.

दिवाळीला मोहन चौमूंच्या गादीवर बसला. सुशीलानं त्याला दारापर्यंत गाडीनं नेलं. चुलतभाऊ आधीच येऊन बसले होते, ते उठले. उठावंच लागलं. मी तिथं नव्हतो, मला मोहननं सांगितलं. पण गाडी पेढीसमोर एका झटक्यात मागे घेऊन लावली, हे त्यानं दोनदा सांगितलं, आणि ते मी शिकवलेलं आहे.

त्यानंतर रोज सकाळी सीकर रोडवर त्यांची दुरुस्त केलेली फियाट जायची. पुढे बाई ड्रायव्हर, शेजारी एक पाय गेलेला नवरा, मागे घुंगट घेतलेला साफेवाला म्हातारा. ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. रस्त्याच्या सुरक्षेला त्याचाही उपयोग झाला असेल.

पुढचा उन्हाळा कडक निघाला. जेठ महिन्यात एकदा गाडीचा ब्रेक तपासायला मला बोलावलं, म्हणून मी त्यांच्याबरोबर चौमूंपर्यंत गेलो. सेठजींच्या शेजारी, मागे. खिडकीतून लू येत होती, भट्टीसमोर बसल्यासारखी. अर्ध्या वाटेवर सेठजींनी शेव जरा वर केला आणि घाम पुसला. मग आणखी वर केला. मग तो मागे टाकला आणि खिडकीकडे तोंड करून वारा घेत बसले. तोंड पूर्ण उघडं.

मी आरशाकडे बघितलं. आता जाईल छताकडे, असं मला वाटलं.

सुशीलाचे डोळे आरशात आले. क्षणभर थांबले. मग त्यांच्या पलीकडे, मागच्या रस्त्यावर गेले. एक ट्रक येत होता. तिनं त्याला वाट दिली.

आरसा होता तिथंच राहिला. सेठजींनी तो शेव परत कधी पुढे घेतला नाही, असं मोहन सांगतो.

त्यानंतर नवा शिकणारा आला की मी पहिला प्रश्न तोच विचारायचो. गाडीत रोज मागे कोण बसणार? लोक वैतागायचे. म्हणायचे, मास्टरजी, आधी क्लच कुठला ते तरी सांगा.

मी सांगायचो, क्लच कुठं पळून जात नाही. आधी मागचं सांगा.